जुन्या धाटणीचे डंजन: ओएसई, ऑस्रिक, बेसिक फॅन्टसी की शॅडोडार्क?

प्रश्न असा आहे: चार खेळाडू आणि एक डीएम, म्हणजे खेळ चालवणारा; सगळ्यांनी आजवर डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून पात्रे साकारण्याच्या खेळाची पाचवी आवृत्ती खेळलेली. आता जुन्या धाटणीचा खेळ करायचा आहे. ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स, ऑस्रिक, सोर्ड्स अँड विझर्ड्री, बेसिक फॅन्टसी, शॅडोडार्क आणि डंजन क्रॉल क्लासिक्स अशी सहा नावे समोर आहेत. फरक नेमका कशात आहे आणि घ्यायचे कोणते?

उत्तर आधी सांगतो, कारणे नंतर. तुमच्या गटासाठी ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स, म्हणजे ओएसईचे क्लासिक पुस्तक घ्या. पण ते का, हे कळले नाही तर दुसऱ्याच आठवड्यात तुम्ही त्यातले नेमके कामाचे नियम किचकट म्हणून वगळाल. मग पुस्तक कोणतेही असो, खेळ पाचव्या आवृत्तीचाच होईल, फक्त हिट पॉइंट, म्हणजे पात्राची मार सोसायची ताकद, कमी असलेला.

तुलना करताना लोक आर्मर क्लासपासून, म्हणजे वार लागणे किती अवघड हे सांगणाऱ्या एसी या आकड्यापासून, सुरुवात करतात: या पुस्तकात एसी खाली उतरतो, त्या पुस्तकात वर चढतो. हा फरक एकाच संध्याकाळी अंगवळणी पडतो आणि खेळाच्या स्वभावावर त्याचा काहीही परिणाम होत नाही. पाहायचे ते हे: एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, कशाचे मिळतात, वेळ कसा मोजला जातो, ओझे कसे मोजले जाते, भटके राक्षस कधी येतात, आणि हिट पॉइंट शून्य झाले की काय होते. यातले पहिले चार भाग एकमेकांत दात घालून फिरतात. एक काढला की बाकीचे तीन नुसते हिशेब उरतात, आणि मग खेळाडू विचारतात की हे कशासाठी लिहायचे.

ही पुस्तके एकाच झाडाची आहेत. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या तीन पुस्तिका आल्या. त्यात तीनच क्लास, म्हणजे पात्रांचे पेशे, होते, फायटिंग-मॅन, मॅजिक-यूजर आणि क्लेरिक, आणि शस्त्र कोणतेही असो, नुकसान एका डी६ चे, म्हणजे सहा बाजूंच्या फाशाचे. थीफ १९७५ च्या ग्रेहॉक पुरवणीत आला, शस्त्रागणिक वेगळे फासेही तिथलेच. पुढे दोन फांद्या फुटल्या. एक अ‍ॅडव्हान्स्डची: १९७७ ते १९७९ दरम्यान राक्षसांचे, खेळाडूंचे आणि डीएमचे अशी तीन पुस्तके. दुसरी बेसिकची: १९८१ मध्ये टॉम मोल्डवे यांचे बेसिक आणि डेव्हिड कुक व स्टीव्ह मार्श यांचे एक्स्पर्ट. या जोडीलाच बी-एक्स म्हणतात, लेव्हल, म्हणजे पात्राच्या चढत्या पायऱ्या, १ ते ३ पहिल्यात आणि ४ ते १४ दुसऱ्यात. २००० मध्ये तिसऱ्या आवृत्तीबरोबर ओपन गेम लायसन्स आले आणि त्याच्या आधाराने जुने नियम नव्या नावांनी पुन्हा मांडता आले. ऑस्रिक २००६ चे, बेसिक फॅन्टसी आणि लॅबिरिंथ लॉर्ड २००७ चे, सोर्ड्स अँड विझर्ड्री २००८ चे, ओएसई २०१९ चे. ऑस्रिक अ‍ॅडव्हान्स्डच्या फांदीवर, सोर्ड्स अँड विझर्ड्री १९७४ च्या बुंध्यावर, ओएसई आणि लॅबिरिंथ लॉर्ड बी-एक्सच्या फांदीवर. बेसिक फॅन्टसीही मुळात बी-एक्सचीच, पण तिसऱ्या आवृत्तीच्या सवयी घेऊन.

आता ते चार भाग बी-एक्सच्या आकड्यांत पाहू, कारण तिथे ते सगळ्यात स्वच्छ दिसतात.

सुरक्षित ठिकाणी आणलेल्या खजिन्यातल्या प्रत्येक सोन्याच्या नाण्याला एक एक्सपी. फायटरला दुसऱ्या लेव्हलसाठी २,००० लागतात, थीफला १,२००, क्लेरिकला १,५००, मॅजिक-यूजरला २,५००, एल्फला तब्बल ४,०००. चौघांत समान वाटणी धरली तर फायटर वर चढायला गटाने एकूण ८,००० कमवावे लागतात. एक ऑर्क मारल्याचे १० एक्सपी मिळतात, गॉब्लिनचे ५. म्हणजे निव्वळ मारामारीवर ८०० ऑर्क किंवा १,६०० गॉब्लिन. पहिल्या लेव्हलच्या फायटरला एका डी८ इतके हिट पॉइंट असतात, तेव्हा हा मार्ग बंद आहे हे खेळाडूंना दोन बैठकांत कळते. ते चोरायला, फसवायला, बोलणी करायला, लाच द्यायला लागतात. जुन्या खेळाची जी म्हणून चव सांगतात, तिचा मोठा वाटा या एका कोष्टकातून येतो.

पण नाणी जड असतात. दहा नाण्यांचे वजन एक पाउंड, आणि एका पात्राची कमाल मर्यादा १,६०० नाण्यांइतकी, त्यात चिलखतही आले. प्लेटचे वजन ५०० नाण्यांइतके, चेनचे ४००, लेदरचे २००. वजन वाढले की वेग घटतो. सोपा हिशेब वापरला तर लेदर घालून रिकाम्या हाताने दर टर्नला ९० फूट, धातूचे चिलखत घालून ६०, आणि धातूच्या चिलखतावर खजिनाही लादला तर ३०. टर्न म्हणजे दहा मिनिटे. मशाल सहा टर्न जळते, कंदील एका कुपीभर तेलावर चोवीस. दर सहावा टर्न विश्रांतीचा, नाही घेतला तर वार आणि नुकसान दोन्हींवर उणे एक. आणि दर दोन टर्नला डीएम एक डी६ टाकतो: १ आला की भटके राक्षस.

एक उदाहरण करून बघा. बाहेर पडायचा रस्ता ६०० फुटांचा आहे. लेदरमधला गट रिकाम्या हाताने निघाला तर चालायला सात टर्न, मध्ये एक विश्रांती, एकूण आठ. दोन मशाली, चार वेळा फासा, म्हणजे निदान एकदा गाठ पडण्याची शक्यता ५२ टक्के. तोच गट प्लेट घालून, पोती पाठीवर टाकून निघाला तर चालायला वीस टर्न, विश्रांतीचे तीन, एकूण तेवीस. चार मशाली, अकरा वेळा फासा, शक्यता ८७ टक्के. ओळखीच्या वाटेवर डीएम वेग वाढवू शकतो, पण गुणोत्तर तेच राहते. आता खेळाडूंपुढे खरा प्रश्न उभा राहतो: चांदी इथेच टाकून फक्त सोने आणि रत्ने न्यायची का, की दोन खेपा करायच्या? कुणी लिहून ठेवलेले नाट्य नाही, तरी टेबलावर सगळे पुढे झुकून बसलेले असतात.

यातले काहीही सैल केले की काय होते ते पाहा. ओझे मोजणे सोडले की सगळा खजिना एका खेपेत बाहेर येतो, वेळ आणि भटके राक्षस यांना काही अर्थ उरत नाही. प्रत्येकाला अंधारात दिसते अशी मुभा दिली, जी पाचव्या आवृत्तीची सवय आहे, की मशाल मोजणे निरर्थक. बी-एक्समध्ये ड्वार्फ आणि एल्फला ६० फुटांची उष्णदृष्टी आहे, पण तिने वाचता येत नाही, नकाशा काढता येत नाही, आणि माणसांना तर ती नाहीच. आणि सोन्याचे एक्सपी काढून टाकले की डंजनमध्ये, म्हणजे राक्षस आणि खजिन्याच्या भुयारात, शिरण्याचे कारणच संपते.

या कसोटीवर एकेक पुस्तक लावतो.

ओएसई क्लासिक म्हणजे बी-एक्सच, नियम जवळजवळ जसेच्या तसे, मांडणी मात्र फार चांगली. एक विषय समोरासमोरच्या दोन पानांवर संपतो, त्यामुळे खेळ चालू असताना पाने उलटत बसावे लागत नाही. सात क्लास आहेत, त्यात ड्वार्फ, एल्फ आणि हाफलिंग हे स्वतःच क्लास. एसी दोन्ही पद्धतीने छापलेला असतो. चारही भाग पूर्ण, आणि एकाच ठिकाणी. उणीव म्हणाल तर पुस्तक फार संक्षिप्त आहे. नियम काय ते सांगते, का ते सांगत नाही. म्हणून पहिल्यांदा चालवणाऱ्याला प्रतिक्रियेच्या फाशासारखी गोष्ट शोभेची वाटते. मूलभूत नियमांची पीडीएफ मोफत आहे, आधी तीच वाचा. अ‍ॅडव्हान्स्ड फॅन्टसी नावाची वाढीव जोडपुस्तके आहेत, त्यात पॅलाडिन, रेंजर, ड्रुइड वगैरे येतात आणि वंश व क्लास वेगळे ठेवण्याची सोय होते. पहिल्या मोहिमेला त्यांची गरज नाही.

ऑस्रिक म्हणजे पहिल्या अ‍ॅडव्हान्स्डची स्वच्छ केलेली प्रत. मूळ पुस्तकांतले शस्त्र विरुद्ध चिलखत हे कोष्टक गाळलेले आहे, मंक आणि बार्डही नाहीत, आणि ते बरेच झाले, कारण पहिली अ‍ॅडव्हान्स्ड खेळणाऱ्यांपैकी फार थोडे लोक ते कोष्टक खरोखर वापरत. इथे पात्रे टणक असतात. बी-एक्समध्ये शून्य म्हणजे मृत्यू. इथे शून्याला बेशुद्धी, मग दर राउंडला, म्हणजे लढाईच्या दर फेरीला, एक हिट पॉइंट गळतो आणि उणे दहाला मृत्यू. फायटरला डी८ ऐवजी डी१०. क्लेरिकला पहिल्या लेव्हललाच स्पेल (मंत्र), आणि विझडम चांगले असेल तर जादा. बी-एक्सच्या क्लेरिकला पहिल्या लेव्हलला एकही स्पेल नसतो, हे पाचव्या आवृत्तीतून आलेल्या खेळाडूला आधी सांगून ठेवा, नाहीतर तो पहिल्याच जखमेला रुसेल. याच्या बदल्यात अ‍ॅडव्हान्स्ड फांदी पात्राच्या गुणांच्या (स्ट्रेंग्थ, विझडम वगैरे) बाबतीत कंजूष आहे. बी-एक्समध्ये १३ ला अधिक एक मिळतो, १६ ला दोन, १८ ला तीन. इथे स्ट्रेंग्थमधून वारावर अधिक एक मिळायला १७ हवेत, कॉन्स्टिट्यूशनचा जादा हिट पॉइंट १५ पासून. म्हणून ३डी६, म्हणजे तीन डी६ ची बेरीज, प्रत्येक गुणासाठी ओळीने टाकणे इथे नकोसे वाटते. अ‍ॅडव्हान्स्डच्या डीएम पुस्तकात ४डी६ टाकून सर्वात लहान फासा सोडायची पद्धत दिलेली आहे ती उगीच नाही. वर्ष-दोन वर्षे चालणारी, खूप क्लास आणि खूप जादुई वस्तू असलेली मोहीम करायची असेल तर ऑस्रिकला तोड नाही. पीडीएफ मोफत आहे.

सोर्ड्स अँड विझर्ड्रीच्या कम्प्लीट पुस्तकात नऊ क्लास आहेत आणि सेव्हिंग थ्रो, म्हणजे संकटातून वाचण्याचा फासा, एकच. ओएसई, ऑस्रिक आणि बेसिक फॅन्टसीत त्याचे पाच प्रकार असतात, साधारण असे: विष, कांडी, लकवा, श्वास आणि स्पेल. इथे फायटरला पहिल्या लेव्हलला १४, मॅजिक-यूजरला १५ पण स्पेलविरुद्ध अधिक दोन. डीएमला हे फार सोयीचे, कारण पुस्तकात नसलेला सापळा आला तरी कोणता सेव्ह लावायचा यावर वाद होत नाही. एक हिट डाइस (राक्षसाच्या ताकदीचे माप) किंवा कमी असलेल्या शत्रूंवर फायटर लेव्हलइतके वार करतो, त्यामुळे पाचव्या लेव्हलचा फायटर गॉब्लिनांच्या घोळक्यात शिरला की फायटर असल्याचे समाधान मिळते. जागोजागी "डीएमने ठरवावे" असे मोकळे सोडलेले आहे. अनुभवी डीएमला ते आवडते, नवख्याला तिथेच अडायला होते. ज्या गटाला निर्णय देणे आणि घेणे जमते त्यांनी हे घ्यावे.

बेसिक फॅन्टसीचे मोठे बळ म्हणजे किंमत. पीडीएफ मोफत, छापील प्रत नफा न घेता विकलेली, आणि २०२३ ची चौथी आवृत्ती क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली, म्हणजे पाने काढून, बदलून, मराठी करून वाटायलाही मोकळीक. वंश आणि क्लास वेगळे, एसी चढता. पण मूळ पुस्तकात सोन्याचे एक्सपी गृहीत धरलेले नाहीत. तो ऐच्छिक नियम म्हणून डीएमच्या भागात आहे. त्याची भरपाई म्हणून राक्षसांचे एक्सपी वाढवलेत, एक हिट डाइसच्या राक्षसाला १० ऐवजी २५. वरचाच हिशेब लावला तर ८०० ऑर्कचे ३२० झाले. तरी ३२० ऑर्क मारून कुणी वाचत नाही, आणि खेळाडूंची नजर पुन्हा लढाईकडे वळते. हे पुस्तक घेतलेत तर ऐच्छिक नियम पहिल्या दिवसापासून लागू करा, आणि मग राक्षसांचे एक्सपी बी-एक्सच्या दराने द्या. दोन्ही वाढीव ठेवलेत तर पात्रे फार भराभर चढतात.

हीच गोष्ट अ‍ॅडव्हान्स्डच्या दुसऱ्या आवृत्तीत झाली. १९८९ च्या त्या पुस्तकांत सोन्याचे एक्सपी ऐच्छिक केले आणि कथेतले उद्दिष्ट गाठल्याबद्दल एक्सपी आले. लढाईचे गणित पहिल्या आवृत्तीच्या खूप जवळचे राहिले, तरी खेळ वेगळा झाला, कारण आता उद्दिष्ट डीएम ठरवू लागला. त्यातून उत्तम मोहिमा झाल्या आहेत. पण तुम्ही जे शोधता आहात ते हे नव्हे.

शॅडोडार्क २०२३ चे, केल्सी डिऑन यांचे, आणि पाचव्या आवृत्तीतून येणाऱ्यांसाठी मुद्दाम घडवलेले. डी२० अधिक गुणांचा बोनस, अ‍ॅडव्हांटेज, डीसी (फाशाने गाठायचा आकडा), सगळे ओळखीचे. मशाल खऱ्या घड्याळावर एक तास जळते: टेबलावर मोबाइलचा गजर लावायचा. ओझे वस्तूंच्या जागांत मोजायचे, स्ट्रेंग्थ किंवा १० यातले जे मोठे तितक्या जागा. भटक्या राक्षसांसाठी जागेच्या धोक्यानुसार दर तीन, दोन किंवा प्रत्येक राउंडला फासा. एक्सपी खजिन्याचेच, पण नाणी मोजून नव्हे, ऐवजाच्या दर्जावरून ०, १, ३ किंवा १०. पुढच्या लेव्हलला चालू लेव्हलच्या दहापट. म्हणजे चारही भाग आहेत, फक्त हिशेब हलका केलेला. स्पेल टाकताना डी२० टाकायचा, डीसी १० अधिक स्पेलची पायरी. जमले तर तोच स्पेल पुन्हा टाकता येतो, फसले तर विश्रांतीपर्यंत तो गेला. शून्याला मृत्यू लगेच नाही, डी४ अधिक कॉन्स्टिट्यूशन बोनस इतके राउंड मिळतात.

याची एक अडचण तुमच्या टेबलावर नक्की दिसेल. खरे घड्याळ लावले की नियमावर झालेला वाद, चहा, उशिरा आलेला मित्र, सगळे मशालीच्या खात्यात जाते. घाईची मजा येते, पण नकाशा जपून काढणारा, भिंत बोटांनी चाचपणारा खेळाडू गप्प होतो. बी-एक्सचा टर्न उलटा आहे: टेबलावर वीस मिनिटे चर्चा करा, डंजनमध्ये एकच टर्न जातो. सावकाश विचार करणारा गट असेल तर शॅडोडार्क त्यांच्यावर अन्याय करते.

डंजन क्रॉल क्लासिक्स या यादीत असले तरी तो वेगळा खेळ आहे. सुरुवातीला प्रत्येकाकडे तीन-चार शून्य लेव्हलची पात्रे, डी४ हिट पॉइंटची, आणि जी जगतील ती पहिल्या लेव्हलला. एक्सपी प्रत्येक प्रसंगाचे ० ते ४. स्पेलचा फासा टाकला की त्या स्पेलचे स्वतःचे कोष्टक उघडायचे, आणि फार वाईट पडले तर जादूगाराचे शरीरच बिघडते. हे सगळे रंगतदार आहे, पण टर्न, ओझे, खजिना यांचे यंत्र इथे नाही. शिवाय डी३, डी५, डी७, डी१४, डी१६, डी२४ आणि डी३० लागतात. नेहमीच्या सात फाशांच्या संचात ते नसतात. डी८ वर ८ पुन्हा टाकून डी७, डी१० अर्धा करून डी५ असे भागवता येते, पण प्रत्येक वेळी खेळ अडतो. एखादी धमाल रात्र हवी तेव्हा काढा.

कोणतेही पुस्तक घेतले तरी साहसे तुम्ही दुसऱ्या पुस्तकाची वापरालच, आणि चुका तिथे होतात. पहिली एसीची. बी-एक्समध्ये चिलखत नसलेल्याचा एसी ९, अ‍ॅडव्हान्स्डमध्ये १०. ओएसईत उतरता एसी १९ मधून वजा केला की चढता मिळतो. ऑस्रिकसाठी २० मधून. बेसिक फॅन्टसीत चिलखत नसलेला ११ वर असतो आणि पहिल्या लेव्हलच्या फायटरला वारावर अधिक एक असतो, ओएसईत शून्य. म्हणून ओएसईच्या साहसातल्या ऑर्कचा चढता १३ तसाच बेसिक फॅन्टसीत नेलात तर प्रत्येक वार पाच टक्क्यांनी सोपा होतो. तिथे तोच ऑर्क १४ चा आहे. एकेका वारावर जाणवत नाही, पूर्ण मोहिमेत जाणवते.

दुसरी चूक वेळेची, आणि ती जास्त नुकसान करते. बी-एक्सचा राउंड दहा सेकंदांचा, टर्नमध्ये साठ राउंड. पहिल्या अ‍ॅडव्हान्स्डचा राउंड एका मिनिटाचा, टर्नमध्ये दहा. सहा राउंड टिकणारा स्पेल एकीकडे एक मिनिट टिकतो, दुसरीकडे सहा मिनिटे. स्पेल ज्या पुस्तकातला, त्याच पुस्तकाचा राउंड धरा. अ‍ॅडव्हान्स्डमधली अंतरे इंचांत लिहिलेली असतात: डंजनमध्ये एक इंच म्हणजे १० फूट, बाहेर १० यार्ड. पण स्पेल किती जागा व्यापतो ते बाहेरसुद्धा फुटांतच धरायचे. यार्ड धरलेत तर उघड्या मैदानातला आगीचा गोळा तिप्पट रुंद होतो.

त्यात तुमच्या गटाला टर्न म्हणजे लढाईतला आपला क्रम अशी सवय आहे. मराठीत बोलणाऱ्या टेबलाला इथे सोय आहे: लढाईत "आता तुझा नंबर" म्हणा आणि टर्न हा शब्द फक्त दहा मिनिटांसाठी राखा. गोंधळ एका बैठकीत मिटतो.

आता तुम्ही जे दोन नियम विसराल ते. राक्षस दिसला की लगेच इनिशिएटिव्ह, म्हणजे लढाईतला क्रम ठरवायचा फासा, टाकू नका. बी-एक्समध्ये आधी २डी६ चा प्रतिक्रिया-फासा आहे: २ आला तर सरळ हल्ला, ३ ते ५ वैर, ६ ते ८ अनिश्चित, ९ ते ११ तटस्थ, १२ मैत्री. बिनशर्त हल्ला छत्तिसांत एकदाच येतो, आणि मधला अनिश्चित भाग ४४ टक्के. म्हणजे जवळजवळ निम्म्या वेळा राक्षस उभा राहून बघतोय की हे लोक काय करतात. तिथे बोलणे, अन्न टाकणे, मागे सरकणे या गोष्टींना जागा असते. हा फासा सोडला की एका डी८ हिट पॉइंटची पात्रे दुसऱ्या खोलीत मरतात आणि दोष नियमांना जातो. दुसरा, मनोधैर्य. गॉब्लिनचे ७ आहे. त्यांचा पहिला गडी पडला की २डी६ टाका, निम्मे पडले की पुन्हा. ७ पेक्षा जास्त आला तर ते पळतात, आणि ती शक्यता ४२ टक्के. मोल्डवे यांच्या पुस्तकात हा नियम ऐच्छिक आहे, पण तो सक्तीचा समजा.

थीफबद्दलचा गैरसमजही लवकर दूर करा. पहिल्या लेव्हलच्या थीफला सापळा शोधायची शक्यता १० टक्के, कुलूप उघडायची १५. खेळाडू म्हणतात हा क्लास निरुपयोगी आहे. ते आकडे शेवटच्या संधीचे आहेत. खेळाडूने "दहा फुटी काठीने फरशी ठोकतो, फटीत पाणी ओततो" असे सांगितले आणि सापळा त्याने कळण्यासारखा असेल तर फासा न टाकता सांगून टाका, क्लास कोणताही असो. अशा वर्णनाने न कळणाऱ्या बारीक यंत्रणेसाठी थीफचा फासा.

पहिली लेव्हल जगवायची असेल तर पात्रांचे हिट पॉइंट वाढवण्यापेक्षा माणसे वाढवा. करिष्मा ९ ते १२ असलेल्याला चार पगारी साथीदार, म्हणजे रिटेनर, ठेवता येतात. त्यांचे मनोधैर्य ७. एक्सपीत त्यांचा अर्धा वाटा. चार खेळाडू आणि तीन रिटेनर असा सात जणांचा गट पहिल्या डंजनसाठी योग्य. एकाच्या हातात मशाल, दोघांच्या हातात भाले. खेळाडूचे पात्र मेले तर तो त्याच क्षणी रिटेनर हातात घेतो आणि बैठक संपेपर्यंत कुणी नुसता बसून राहत नाही. पहिल्या लेव्हलला पूर्ण हिट पॉइंट द्यायचे असतील तर द्या, त्याने यंत्राला धक्का लागत नाही.

खजिना किती ठेवायचा यावर मात्र काटेकोर राहा. पुस्तकातले रखवालदार नसलेल्या खजिन्याचे पहिल्या पातळीचे कोष्टक सरासरीने ३५ सोन्याची चांदी देते आणि निम्म्या वेळा वर तितकेच सोने. रत्ने आणि दागिने क्वचित. एवढ्यावर विसंबलात तर महिनोन् महिने लेव्हल चढत नाही आणि गट कंटाळतो. रिटेनर धरून गटाला पाच-सहा बैठकांत दुसऱ्या लेव्हलवर आणायचे असेल तर पहिल्या दोन मजल्यांत मिळून १४,००० ते १६,००० नाण्यांचा ऐवज हाताने पेरा, कारण साधारण एक तृतीयांश त्यांना सापडत नाही. त्यातला निम्मा दागिने आणि रत्नांत ठेवा, उरलेला अवजड वस्तूंत: गालिचा, पितळी घंटा, दारूची पिंपे. खोल्या भरताना डी६ टाका: १-२ राक्षस, ३ सापळा, ४ काहीतरी विशेष, ५-६ रिकामी. तिसरा हिस्सा रिकाम्या खोल्या पाहून घाबरू नका. पळून जायला, दार अडवून बसायला, पोते लपवायला त्याच लागतात.

तयारीला गणिताची चौकटींची वही पुरते. एक चौकट दहा फूट धरून खेळाडू नकाशा काढतील. तुमच्या वहीत एका ओळीत चोवीस चौकटी आखा, प्रत्येक चौकट एक टर्न. दर दुसऱ्या चौकटीखाली ठिपका, तिथे भटक्या राक्षसांचा फासा. दर सहाव्या चौकटीत "वि", तिथे विश्रांती. मशाल पेटली की त्या चौकटीवर "म" लिहून सहा चौकटी पुढे काट मारा, कंदील पेटला की "कं" आणि चोवीस. ही वही पडद्याआड ठेवू नका, टेबलाच्या मधोमध उघडी ठेवा आणि टर्न संपला की चौकट सगळ्यांदेखत खोडा. काट जवळ आली की खेळाडू स्वतःच विचारतात, आता परत फिरायचे का.